थोरलीचे वेढे

कप्तानांच्या इवल्याशा मोटारीचं झाकण उघडलं आणि मी ती पुन्हा उजेडात धरली. जळक्या वॉर्निशचा वास आला त्याचं काही नाही, तो वास घेत घेतच माझे केस पिकलेत. पण आत, दांड्याच्या जवळ, तारेचं शेवटचं टोक दोन वेढ्यांच्या खाली खोचलेलं होतं, चादरीचं टोक गादीखाली खोचतात तसं, वरून सपाट आणि आत गुडूप. अख्ख्या शहरात असं टोक एकच बाई खोचायची. मी खोचत नाही. मी सरळ गाठ मारते, वर वॉर्निशचा थेंब सोडते आणि मोकळी होते. त्यावरून ती मला कायम चिडवायची, "मोटार बांधतेयस का पोतं, धाकटे?" थोरली, माझी मोठी जाऊ. यंदाच्या थंडीच्या तोंडावर गेली. आणि आता तिच्या हातच्या मोटारी एकेक करून परत येतायत, तिच्या माघारी, माझ्या टेबलावर, जळून. कप्तान समोर उभे होते. हे काही जहाजावरचे कप्तान नव्हेत. जन्मभर विमा कंपनीत खुर्ची उबवली, आणि निवृत्त झाल्यावर बागेतल्या तळ्यात हातभर लांबीच्या होड्या सोडायला लागले. डोक्यावर पांढरी टोपी असते, म्हणून कप्तान. त्या होड्यांच्या पोटात लिंबाएवढ्या मोटारी असतात, जुन्या, आता कुठे मिळत नाहीत अशा, आणि त्या जळल्या की आतली तांब्याची तार कापून काढून नवी गुंडाळून द्यायची, हा आमचा धंदा.

"का जळली ते सांगा," कप्तान म्हणाले. "जळलीय ते मलाही दिसतंय. तुमच्या जाऊबाईंच्या हातची ना ही? त्यांनी भरलेली मोटार म्हणजे पुन्हा उघडायला नको, असं आम्हीच नव्या माणसांना सांगायचो. आता तळ्यावर लोक बोलायला लागलेत." मी विचारलं, काय बोलतात? त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "बोलतात आपले. शेवटी शेवटी बाईंचं लक्ष उडालं होतं, म्हणतात." मी म्हटलं, "लक्ष कुणाचं उडालेलं नव्हतं. त्या वर्षी तारच वाईट आली होती. वरचा लेप कच्चा होता. जाऊबाई त्याला काय करणार?" हे वाक्य आता माझ्या जिभेवर इतकं बसलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. कप्तानांनी मान हलवली. भला माणूस आहे, पटकन पटतं त्यांना. शर्यत परवा आहे, उद्या संध्याकाळपर्यंत द्या, म्हणाले आणि गेले. मी मोटार उचलून आतल्या खोलीत टेबलावर आणून ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. हात लावावासा वाटेना.

कारण मोटार दुरुस्त करायची म्हणजे आधी जुनं सगळं काढून टाकायचं. आमच्या कामात त्याला दुसरा इलाज नाही. कपडा फाटला तर ठिगळ लावता येतं, भांड्याला डाग देता येतो. मोटारीचं तसं नाही. आधी ज्यानं कुणी भरली त्याचे सगळे वेढे कापायचे, चिमट्यानं ओढून काढायचे, खालचं लोखंड घासून लख्ख करायचं आणि मग आपला हात चालवायचा. आधीच्याचं नखाएवढंही मागे राहत नाही. आजवर मी शेकडो लोकांचे वेढे कापले असतील, कारखान्यातल्या यंत्रांचे, परगावच्या कारागिरांचे, एकदा तर प्रत्यक्ष सासूबाईंचे, आणि कापताना दर वेळी मनात शिव्याच घातल्या, काय गबाळं काम केलंय म्हणून. थोरलीचे वेढे कापायची वेळ मात्र कधी आली नव्हती, कारण तिची मोटार परत यायचीच नाही. ती गेली आणि यायला लागल्या. पहिली आली तेव्हा मला वाटलं होडीवाल्यानेच पाण्यात बुडवली असेल. कापायच्या आधी, उगीच, तिचा हात म्हणून, मी वेढे मोजत उलटे सोडवले. आत लोखंडाचे तीन पाय असतात, तिन्हींवर सारखे वेढे हवेत, नाहीतर मोटार थरथरते, तापते आणि शेवटी जळते. दोन पायांवर बरोबर होते. तिसऱ्यावर कमी. थोडेथोडके नव्हे, बरेच कमी. मी पुन्हा मोजले. तारेचा तो कुरळा गुंता मांडीवर घेऊन मी पुन्हा मोजले, आणि मग मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. डोक्यातली गाठ सापडली तेव्हा ते म्हणाले होते, ही आजकालची नाही, वर्षभर तरी वाढत असणार. तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो होतो, कारण वर्षभर आम्हाला कुणालाच काही दिसलं नव्हतं. आता दिसत होतं. माझ्या मांडीवर पडलं होतं.

त्या दिवशीच मी ठरवलं की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. तिचं नाव होतं. बाईमाणूस असून तळ्यावरचे सगळे पुरुष तिचं नाव अदबीने घ्यायचे, माझं घ्यायचे तेही "त्यांची जाऊ" म्हणून. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, म्हणजे पहिली काही वर्षं वाटलं, मग सवय झाली, मग मीच अभिमानाने सांगायला लागले. ते नाव आता असं, मेल्यावर, लक्ष उडालेल्या म्हातारीचं म्हणून कुणी घ्यावं हे मला सहन होणारं नव्हतं. म्हणून तार वाईट. तारेला काय, तिला ना नाक ना अब्रू. आणि पुढे येईल ती मोटार मी न मोजता, आतला जळका चुरा न बघता गुपचूप कापत गेले, माझी गाठ मारून देत गेले. नाव राखायचं तर तिचं काम पुसायला हवं होतं, आणि दर वेळी चिमट्यात तिचे वेढे धरून ओढले की मला वाटायचं, माझ्याच हाताने मी तिला घरातून बाहेर काढतेय. रडू यायचं. पण रडायची सोय नव्हती. ती गेली तेव्हा लोक तिच्या नवऱ्याला, म्हणजे भावजींना, भेटायला आले, तिच्या मुलीला जवळ घेऊन बसले, आमच्या ह्यांनासुद्धा "वहिनी गेली हो तुमची" म्हणून खांद्यावर हात ठेवून गेले. मला सगळ्यांनी पाणी मागितलं. जावेसाठी कुणी रडतं का? जावा म्हटल्या की त्यांची भांडणं व्हायची, डब्यांवरून, मुलांवरून, सासूबाईंच्या दागिन्यांवरून, एवढंच जगाला माहीत. आमचीही झाली. पण या टेबलाशी समोरासमोर बसून आम्ही दोघींनी जेवढी वर्षं काढली तेवढी मी नवऱ्याबरोबरसुद्धा काढलेली नाहीत, तो सकाळी डबा घेऊन जातो तो संध्याकाळी येतो. हे मी कुणाला सांगू?

सासऱ्यांचा धंदा खरा मोठ्या मोटारींचा, पंखे, पंप, गिरण्या. ते काम पुरुषांचं. लहान मोटारी पुरुषांच्या बोटांत मावत नाहीत, म्हणून त्या घरात यायच्या, बायकांकडे. आधी सासूबाई, मग थोरली, मग मी. लग्न होऊन आले तेव्हा थोरलीनेच मला शिकवलं, आणि पहिला नियम सांगितला तो हा की जिचे वेढे चाललेत तिच्याशी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी बोट वर करायचं आणि तिने मान हलवली की मग सांगायचं. कारण आकडा एकदा हातातून सुटला की सगळं सोडून पहिल्यापासून. मी मनात मोजते. ती ओठांत मोजायची, आवाज नाही, फक्त ओठ हलायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं बाई जप करतेय. माझा एक पाय संपला की मी हुश्श करायची, तिचा संपला की ती बोलायची. तोंडात साठवून ठेवलेलं सगळं त्या दोन मिनिटांत, शेजारणीची सून, भावजींचं घोरणं, माझी भाजी कशी खारट झाली होती. मग पुन्हा ओठ हलायला लागायचे. त्या बोलण्यात कितीतरी वर्षं गेली आणि त्यातलं आज मला धड एक वाक्यसुद्धा पुरतं आठवत नाही. मी तिला कायम "अहो जाऊबाई"च म्हटलं. मनात मात्र ती पहिल्यापासून अगं होती.

शेवटच्या वर्षी ती कमी बोलायला लागली होती हे खरं. चहात साखर दोनदा पडायची, त्यावर मीच हसायची. एकदा मला तिने नणंदेच्या नावाने हाक मारली आणि स्वतःच म्हणाली, "म्हातारी झाले गं." वय झालं की होतं असं, मी म्हटलं. मला माझं काम होतं. मी कामाला कडक आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ढिसाळ काम माझ्याने बघवत नाही, मग ते कुणाचं का असेना, आणि तोंडावर सांगते. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणोत. पण तीच फटकळ बाई आता महिनोन्महिने तोंड भरून खोटं बोलत होती, आणि त्या खोट्याने भलताच घात केला होता, कारण तार आणायचे ते भावजी. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्या मोटारी उचलून उचलून त्यांचा खांदा गेला, दुकान बंद झालं, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं, आम्हा दोघींसाठी बाजारातून तार आणायची. रीळ नखाने खरवडून, उजेडात धरून, दहा दुकानं फिरून आणायचे. माझं वाक्य फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं. एक दिवस जेवताना म्हणाले, "तार वाईट निघाली म्हणे." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानदाराशी भांडायला म्हणून गेले आणि दुपारी लाल चेहऱ्याने परत आले. "चांगला झापला त्याला," म्हणाले. आणि त्यानंतर तळ्यावर जाऊन ज्याला त्याला सांगायला लागले, चूक माझी आहे, तार मी आणली होती, ती बिचारी काय करणार. ज्या माणसाने आयुष्यात कधी वाईट तार आणली नाही, तो बायकोचं काम आपल्यामुळे मातीत गेलं असं सांगत फिरत होता, आणि मी त्याला फिरू देत होते. त्यांच्याकडे बघवत नसे मला. पण खरं सांगायचं तर काय सांगणार? की तुमची बायको वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर हरवत होती आणि तुम्हाला कळलं नाही?

म्हणून कप्तानांची मोटार बघत मी बसून राहिले होते. वाटत होतं, शेवटची असावी. मग उठले, तिला दिव्यावर शेकलं, म्हणजे वॉर्निश मऊ होतं, आणि खोचलेलं टोक सुईने उचकटून हळूहळू सोडवायला घेतलं. मोजायची गरज नव्हती. कापून टाकलं असतं तरी चाललं असतं, कमी भरणार हे ठाऊक होतं. तरी मोजलं. आणि दहा वेढे सुटले, तशी तारेबरोबर एक काळी कोळपलेली काडी बाहेर आली, बारीक, नखाएवढी. मला वाटलं कचरा. पुढच्या दहा वेढ्यांनी तशीच दुसरी आली. मग तिसरी. ही आतल्या बाजूची होती, कमी जळलेली, आणि दिव्याखाली धरली तेव्हा दिसलं की तो दोरा आहे. शिवायचा साधा दोरा, निळा. पुढचा पिवळा. पुन्हा निळा. दर दहा वेढ्यांनंतर तिने तारेत दोऱ्याचा एक तुकडा घातला होता आणि वरून पुढचे दहा घेतले होते. आकडा सुटला तर मागचे दोरे मोजायचे. मी तिन्ही पाय सोडवले. तिन्ही सारखे होते. एकही वेढा कमी नाही, एकही जास्त नाही. पण दोऱ्यांनी तार फुगली होती, फुगून बाहेरच्या चुंबकाला घासत होती, आणि घासून घासून लेप गेला होता. म्हणजे आकडा अगदी बरोबर आला होता आणि त्या बरोबर येण्यानेच मोटार जळली होती. मी त्या तुकड्यांकडे बघत होते आणि मला आठवत होतं की त्या वर्षी तिच्या मांडीवर नेहमी दोऱ्याचे तुकडे असायचे. मला वाटायचं, नातीचं काहीतरी शिवतेय. एकदा तर मी तिच्या मांडीवरचे दोरे झटकलेही होते, "कसला पसारा हा, जाऊबाई," म्हणत. तिने ते वाकून एकेक करून उचलून घेतले होते. तिला कळलं होतं. आमच्या कुणाच्याही आधी, डॉक्टरांच्या आधी तिला कळलं होतं, आणि ती माझ्यासमोर, या टेबलाच्या पलीकडे, दोन हातांच्या अंतरावर बसून एकटीने ते सांभाळत होती, आणि मी माझे वेढे मोजत होते.

भावजी केव्हा आत आले ते मला कळलं नाही. चहाचा कप घेऊन दारात उभे होते. टेबलावर सुटलेली तार आणि शेजारी मी ओळीने मांडलेले दोरे त्यांनी पाहिले. मला वाटलं आता विचारतील. मी आधीच ठरवलं, बास झालं. या माणसाला आणखी किती दिवस जाळायचं? मी म्हटलं, "भावजी, बसा. एक सांगायचंय. तार वाईट नव्हती. कधीच नव्हती." ते थोरलीच्या खुर्चीत बसले, कप टेबलावर ठेवला आणि एक पिवळा तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन बघत राहिले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "दोरा मीच आणून देत होतो."

ते सावकाश बोलत होते, दोऱ्याकडे बघत. "एक दिवस मला म्हणाली, अहो, माझा आकडा सुटतो. दोन मोटारी तशाच गेल्यात हातून. मी म्हटलं, मग नको करूस. म्हणाली, नाही, मला रंगीत दोरा आणून द्या, मी करते बरोबर. महिनाभर झोपली नाही नीट, हे जमेपर्यंत. जमलं तेव्हा लहान मुलीसारखी खूश झाली होती." मी विचारलं, आणि मग तो दुकानदार, त्याला झापलंत ते? "कुठला दुकानदार. तळ्याला दोन चकरा मारून घरी आलो. तू तार वाईट म्हणालीस, मला बरं वाटलं. म्हटलं, ही पण सांभाळतेय तिला. मग मीही तेच सांगत सुटलो." ते थोडं हसले. हसताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"पण मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला तो आवरता येत नव्हता. "मी इथे बसले होते. समोर. मी मोजले असते तिचे. ती गुंडाळत बसली असती आणि मी मोजले असते. तुम्हाला सांगितलं, दोरा मागवला, आणि मला नाही?" भावजींनी दोरा परत ओळीत, होता तिथेच ठेवला. त्यांना बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. मी पुन्हा म्हटलं, सांगा ना. तेव्हा म्हणाले, "मी म्हटलं होतं तिला, धाकटीला सांग. म्हणाली, नको, तिला अजिबात कळू देऊ नका. ती मला टेबलावरून उठवेल." मग माझ्याकडे न बघता, "आईची नजर गेली तेव्हा तू आईला उठवलं होतंस. बरोबरच होतं तुझं, वाया जात होत्या मोटारी. पण नंतरची आई तिने पाहिली होती ना. खिडकीशी नुसती बसलेली."

चहावर साय धरली होती. मी म्हटलं, "नसतं उठवलं हो मी, भावजी. जाऊबाईंना नसतं उठवलं." ते लगेच म्हणाले, "नाही, नाही. नसतंच." इतक्या पटकन म्हणाले की मला कळलं, त्यांना तसं वाटत नाही. मी मान खाली घातली, सुटलेली तार गोळा केली आणि हातावर गुंडाळायला लागले. दोन मोटारी हातून तशा गेल्या होत्या. तिसरी मी तिच्यापुढे आपटली असती, आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं असतं, जाऊबाई, आता पुरे. तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी उठवलं असतं.